बोलेरोच्या मागं बुलेट टांगायची का?

भावा, प्रश्न नीट वाचला. घरचे सहा जण बोलेरोत, मागं हिचला, म्हणजे गाडी ओढायच्या मागच्या हुकाला, बसवलेल्या कॅरिअरवर रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५०, आणि कोल्हापूरहून गगनबावड्यावरून मालवण. अमेरिकेतले व्हिडिओ बघून तसाच कॅरिअर कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून घ्यायचं तुझ्या डोक्यात आहे, आणि 'दोनशे किलो तर बोलेरो सहज उचलते' असा तुझा हिशोब आहे. कॅरिअर बनवून मिळेल, त्यात शंका नाही. उद्यमनगरात लोखंडाचं काय म्हणशील ते करून देणारे कारागीर बसलेत. पण या गाडीला ही बाईक टांगू नकोस असंच मी सांगेन. का, ते आकड्यांनिशी सांगतो.

क्लासिकचं वजन १९५ किलो. लोखंडी कॅरिअर, चढवायची फळी, पट्टे मिळून आणखी ४० धर. झाले २३५. एवढंच वजन मधल्या सीटवर ठेवलंस तर बोलेरोला काही वाटणार नाही. कॅरिअरवर मात्र ते मागच्या चाकांच्याही मागं लोंबकळणार. त्यात बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर, म्हणजे बाईक तिच्याही पलीकडं उभी करावी लागणार. मागच्या ॲक्सलपासून बाईकच्या मध्यापर्यंत १.२ मीटर धरू. गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.६८ मीटर. आता साधा तरफेचा नियम लाव: २३५ गुणिले १.२ भागिले २.६८, म्हणजे साधारण १०५ किलो. एवढा भार पुढच्या चाकांवरून उचलला जातो आणि तो मागच्या चाकांवर जाऊन बसतो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना २३५ नाही, ३४० किलो झेलायचे आहेत. भरलेली घागर कमरेवर घेणं आणि तीच हात लांब करून धरणं, एवढा फरक आहे. वर मागच्या सीटवरची पोरं आणि बॅगा वेगळ्याच.

घाटात याचं काय होतं ते बघ. जाताना गगनबावड्याखालच्या करूळ घाटाचा उतार. ब्रेक दाबला की वजन पुढं येतं, त्यामुळं ते एक वेळ निभावेल. परतीच्या चढाला वजन आणखी मागं सरतं आणि नेमकं वळणावर स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. पुढचे टायर रस्ता नीट धरत नाहीत. रात्र असेल तर गाडीचं नाक वर उचलल्यामुळं हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि तुझ्यापुढचा रस्ता अंधारात राहतो. पावसाळ्यात तर या भानगडीत पडूच नये.

दुसरी गोष्ट हुकाची. बऱ्याच जणांना वाटतं, मागच्या हुकाला ट्रॅक्टर ओढतोय तर बाईक काय चीज आहे. अरे, तो हुक सरळ ओढ घ्यायला असतो. कॅरिअर त्याला खाली दाबतो, आणि वरून पिळतोही. दोन मीटरहून लांब बाईक एकाच चौकोनी पाईपवर आडवी उभी असते. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की तिचं एक टोक वर, एक खाली, आणि सगळा पीळ त्या पाईपच्या मुळाशी. खड्ड्याच्या दणक्यात भार क्षणभर दुपटीच्या घरात जातो. असा वापरलेला एक कॅरिअर मी जवळून बघितलाय. वरून रंग चकाचक. पाईप आणि पट्टीच्या जोडावर, वेल्डिंगच्या अगदी कडेला, केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ खाली आलेला. नख फिरवल्यावरच ती हाताला लागली. मालकाला पत्ताच नव्हता.

अमेरिकेत हे चालतं, कारण तिथल्या पिकअपला चॅसीवर बसवलेला दोन इंची चौकोनी रिसीव्हर, म्हणजे कॅरिअरचा पाईप आत बसवायची नळी, असतो आणि त्यावर उभा भार किती चालेल हे कंपनीनं लिहून दिलेलं असतं. कॅरिअरवरही त्याची मर्यादा छापलेली असते, बहुतेकांवर १८० ते २७० किलोच्या दरम्यान. दोन्हींतला जो आकडा लहान तो खरा. तुझ्या गाडीचं मॅन्युअल उघड. मागच्या हुकावर उभा भार किती, हा आकडा त्यात नसेल तर वेल्डिंगवाल्यानं 'काय होत नाही, बिनधास्त जा' म्हटल्याला काही अर्थ नाही. त्याचं वेल्डिंग कितीही पक्कं असू दे, चॅसीची जबाबदारी तो घेऊ शकत नाही.

आणि रुंदी? तिकडचे मोठे पिकअप दोन मीटर रुंद. बोलेरो १७४५ मिलिमीटर, क्लासिकची लांबी २१४५. म्हणजे दोन्ही बाजूंना वीत वीतभर चाक बाहेर. ऊसाच्या हंगामात कळे-साळवणच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीला घासून जाताना ती वीतच कामाला येते, हे तुला सांगायला नको. समोरचा तुझ्या बॉनेटकडं बघून अंदाज घेतो, मागं काय बाहेर आलंय हे त्याला दिसत नाही. कायद्यातही हे बसत नाही. माल बॉडीच्या बाहेर डावी-उजवीकडं किंवा हद्दीपलीकडं मागं आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) खाली २०,००० रुपये दंड आहे, आणि माल उतरवायचा खर्चही आपल्याच माथी. २०१९ च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे. शिवाय नंबर प्लेट आणि टेललाईट बाईकमागं झाकले जातात ते वेगळंच. छोटी बाईक नेली तर वजनाचा प्रश्न थोडा हलका होईल, रुंदीचा नाही. स्प्लेंडरसुद्धा दोन मीटर लांब आहे. ट्रेलर म्हणशील तर त्याचं रजिस्ट्रेशन वेगळं काढावं लागतं.

मग करायचं काय? मालवण दीडशे किलोमीटरच्या आसपास. बोलेरो घरातल्या दुसऱ्या कुणी चालवावी आणि तू क्लासिकवरून मागं मागं यावं, हे सगळ्यात सोपं. पाठदुखीमुळं ते जमणार नाही असं तू लिहिलंयस, तर छोटा हत्ती भाड्यानं बघ. टाटा एसचा हौदा २२०० मिलिमीटरचा. क्लासिक त्यात जेमतेम सरळ बसते आणि फाळका लागतो. मॉडेलप्रमाणं हौदा बदलतो, म्हणून ठरवायच्या आधी टेप लाव.

खरी काळजी बांधण्यात घ्यायची. ड्रायव्हर लोक बाईक साईड स्टँडवर उभी करतात आणि नायलॉनची दोरी हँडलला गुंडाळून आवळतात. ते करू देऊ नकोस. प्रत्येक दणक्याला सगळा भार त्या एका स्टँडवर येतो, स्टँड वाकतं नाहीतर त्याचा ब्रॅकेट हलतो. दोरी ताणून सैल पडते आणि हँडल वाकडं होतं. इंचभर रुंदीचे चांगले रॅचेट पट्टे चार घे, दोन जास्तीचे ठेव. बाईक सरळ उभी, पुढचं चाक केबिनच्या बाजूला फळीला टेकवलेलं, स्टँड वर, गिअर पहिला. पुढचे दोन पट्टे हँडलच्या मुठीला अजिबात नाही, खालच्या टीला, जिथं फोर्कचे पाईप धरलेले असतात. वायरी, ब्रेकची नळी पट्ट्याखाली येत नाही ना, हात घालून बघ. पट्टा लोखंडाला जिथं घासेल तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा घाल. मग दोन्ही बाजू आळीपाळीनं थोड्या थोड्या आवळ, शॉकअप निम्मा दबेपर्यंत. पूर्ण दाबलास तर ऑइल सील फुटायची भीती, आणि अगदीच कमी दाबलास तर खड्ड्यात शॉकअप खाली जाताच पट्टा सैल होऊन हूक निसटतो. मागचे दोन पट्टे मागच्या चाकाजवळ फ्रेमला, बाजूला आणि मागं ओढणारे. झालं की सीट धरून बाईक जोरात हलव. बाईकबरोबर अख्खा टेम्पो हलला तर काम बरोबर.

निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर, कळ्याच्या आसपास, थांबून चारही पट्टे परत आवळ. नवे पट्टे पहिल्या टप्प्यात हमखास सैलावतात. घाट उतरायच्या आधी गगनबावड्यात चहाला थांबाल तेव्हा आणखी एकदा. ड्रायव्हर कंटाळेल, तरी खाली उतरून स्वतःच्या हातानं बघ. पेट्रोल टाकीत एक-दोन लिटरच ठेव, बाकीचं कणकवलीत भर.