यंत्राला कागद वाचायला देण्याआधी

प्रिय,

जुनं दप्तर संगणकावर आणायचं काम तुझ्याकडे आलंय, आणि यंत्रच सगळं वाचणार असेल तर माणसाला काय उरतं, असं तू विचारलंस. उरतं ते बरंच आहे. यंत्राला अक्षरं दिसतात. तो कागद कुठल्या गठ्ठ्यातला आणि कशाला जोडलेला होता, हे तू नोंदवलंस तरच कळतं.

म्हणून कागद सापडले त्याच क्रमाने राहू दे. तारीखवार लावायचा मोह होईल, पण अर्जाला जोडलेल्या बिनतारखेच्या चिठ्ठीचा अर्थ तिच्या जागेवरूनच लागतो. पानांवर मऊ पेन्सिलने हलके क्रमांक घाल, कोऱ्या पानांवरही. फाइलच्या नावात तोच क्रमांक येऊ दे.

स्कॅन ४०० पीपीआयला (दर इंचाला ४०० ठिपके), २४ बिट म्हणजे पूर्ण रंगात, टिफ या चित्र-फाइलीत, कॉम्प्रेस न करता. काळ्या-पांढऱ्यात फिकी शाई, शिक्का आणि मागाहून वेगळ्या शाईने केलेली दुरुस्ती एकसारखी दिसते. अशा स्कॅनमध्ये ए-४ आकाराचं पान साधारण ४६ एमबीचं होतं. एक लाख पानांना साडेचार टीबीहून जास्त, तीन प्रतींना जवळपास १४ टीबी. हा खर्च आधीच मांड. जागा संपली की टिफ उडवून जेपेग, म्हणजे तपशील गाळून लहान केलेल्या फाइली, ठेवल्या जातात, आणि गेलेला तपशील परत येत नाही. फाइल तयार होताच तिचा एसएचए-२५६ चेकसम काढ (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारी खूण, काहीही बदललं की ती बदलते) आणि दर कॉपीनंतर ताडून बघ. एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवीच.

आता वाचनाकडे. वेगवेगळ्या हस्ताक्षरांतली ५० पानं चिठ्ठ्या टाकून निवड. सुरुवातीची सलग ५० घेतलीस तर बहुतेक एकाच लेखनिकाचा हात तपासशील. ती माणसाकडून टाइप करून घे, यंत्राचं उत्तर त्याला न दाखवता, कारण एकदा ते वाचलं की डोळ्याला तेच दिसू लागतं. मग यंत्राचं वाचन त्याच्याशी ताडून बदललेली, गळलेली आणि जादा आलेली अक्षरं मोज आणि माणसाने टाइप केलेल्या एकूण अक्षरांनी भाग. ५ टक्के चूक ऐकायला थोडी वाटते, पण चुका विखुरलेल्या असतील तर पाच अक्षरांच्या शब्दात कुठेतरी चूक असण्याची शक्यता सुमारे २३ टक्के होते. शोधात तो शब्द सापडणारच नाही.

त्याहून घातक चूक दिसत नाही ती. जुन्या ओसीआरचा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामचा, घोळ वाचताच कळायचा. आताचं भाषा-मॉडेल (शब्दांचा अंदाज बांधून मजकूर तयार करणारं यंत्र) अडलेल्या जागी शोभेलसा शब्द बसवतं, फाटलेल्या कोपऱ्यातला मजकूरही पुरा करतं, आणि वाक्य अगदी सुरळीत वाचलं जातं. अडेल तिथे ‘अवाच्य’ लिही, असं त्याला जरूर सांग. तेवढ्यावर विसंबू नकोस. नावं, रकमा आणि तारखांच्या चुका वेगळ्या मोज, कारण तिथे मागच्यापुढच्या शब्दांवरून चूक पकडता येत नाही. सरासरी चांगली आणि रकमा चुकलेल्या, असं सर्रास होतं.

यंत्राचं वाचन आणि माणसाने सुधारलेला पाठ वेगवेगळ्या फाइलींत ठेव; यंत्राच्या फाइलीत मॉडेलचं नाव, आवृत्ती आणि तारीख लिही. उद्या चांगलं मॉडेल आलं तर काय पुन्हा वाचायचं ते त्यावरून ठरेल. खुलं करण्याआधी हयात माणसांच्या आजारपणाच्या किंवा दत्तकविधानाच्या नोंदी बाजूला काढ. गठ्ठ्यात त्या दडून राहतात, शोधचौकटीत नाव टाकताच समोर येतात.

५० पानांचे आकडे आले की पाठव. सगळ्यांत जास्त चुकलेल्या पाच पानांचे स्कॅनही सोबत जोड.