अलेक्झांद्र द्यूमाच्या ‘थ्री मस्केटियर्स’ कादंबरीतला दार्तान्यां हा मस्केटियर, म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या रक्षक दलातला बंदूकधारी सैनिक, खरोखर होऊन गेला का, आणि कादंबरीतले किती खरे आहे?

होऊन गेला. प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे मी शेवटी वळेन, कारण पहिल्या भागावरून माझे एका माणसाशी 1998 पासून भांडण चालू आहे.

त्या वर्षी मी आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेत उतरलो होतो. अंतिम फेरीत प्रश्न आला, की रॉबिन्सन क्रूसो, शेरलॉक होम्स आणि दार्तान्यां यांपैकी खरोखर होऊन गेलेली व्यक्ती कोणती. ग्रंथालयातल्या एका ज्ञानकोशात वाचलेले आठवून मी दार्तान्यां म्हणालो. जोडीदाराने टेबलाखालून माझा पाय दाबला, पण तोवर उशीर झाला होता. सूत्रसंचालकांच्या कागदावर ‘एकही नाही’ असे उत्तर होते. आमचे दहा गुण वजा झाले आणि ढाल पाच गुणांनी गेली. त्याच जोडीदाराने पुढे माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न केले, त्यामुळे दर भाऊबीजेला मी पाटावर बसलो की ती ढाल निघतेच.

खऱ्या दार्तान्यांचे नाव शार्ल द बात्झ-कास्तेलमोर. नैऋत्य फ्रान्समधल्या गास्कनीतल्या ल्युपियाक गावाजवळच्या कास्तेलमोरच्या गढीत 1611 च्या सुमारास तो जन्मला. राजदरबारात वडिलांच्या घराण्यापेक्षा आईच्या घराण्याला अधिक वजन होते, म्हणून त्याने आईकडचे दार्तान्यां हे नाव लावले. तो मस्केटियरांत दाखल झाला, 1646 मध्ये ते दलच बरखास्त झाल्यावर फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ याचे निरोप आणि गुप्त कामे घेऊन फिरत राहिला, आणि 1657 मध्ये दल पुन्हा उभे राहिल्यावर परतला. 1667 मध्ये तो पहिल्या तुकडीचा कॅप्टन-लेफ्टनंट झाला. तुकडीचा कॅप्टन खुद्द राजा असल्यामुळे प्रत्यक्ष हुकूम त्याचाच चाले. 25 जून 1673 रोजी मास्त्रिख्तच्या वेढ्यात घशात गोळी लागून तो मेला.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त नेदरलँड्सला गेलो असताना मी केवळ या भांडणापायी मास्त्रिख्तला गेलो, तिथल्या दार्तान्यांच्या पुतळ्याशेजारी उभा राहून छायाचित्र काढून घेतले आणि मेहुण्याला पाठवले. त्याचे उत्तर दोन मिनिटांत आले: ‘‘लंडनला शेरलॉक होम्सचाही पुतळा आहे.’’ हे उत्तर बिनतोड होते, आणि ते मला फार लागले.

म्हणून आता मी फूकेचे प्रकरण सांगतो. निकोला फूके हा चौदाव्या लुईचा अर्थखात्याचा प्रमुख. राजाने त्याला 5 सप्टेंबर 1661 रोजी, म्हणजे स्वतःच्या तेविसाव्या वाढदिवशी, नाँत येथे पकडवले, आणि पकडणारा दार्तान्यां होता. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ, जानेवारी 1665 मध्ये आल्प्समधल्या पिन्येरोलच्या किल्ल्यात पोहोचवेपर्यंत, या कैद्याची राखण त्याच्याकडेच होती. फूकेची मैत्रीण मादाम द सेव्हिन्ये हिने खटल्याच्या दिवसांत, नोव्हेंबर 1664 मध्ये, लिहिलेल्या एका पत्रात म्हटले आहे की फूकेला न्यायालयातून परत नेत असताना त्याला पाहण्यासाठी आपण मुखवटा घालून काही स्त्रियांबरोबर वाटेवरच्या एका घरात उभ्या होतो, पन्नास मस्केटियर तीस-चाळीस पावले मागून येत होते, आणि विचारात गढलेल्या फूकेला दार्तान्यांने हलकेच ढोसून त्या स्त्रिया तिथे असल्याचे दाखवले. कैद्याला त्याची माणसे दिसावीत म्हणून पहारेकऱ्याने कोपर मारावे, ही एवढी एक गोष्ट मला कादंबरीतल्या सगळ्या तलवारबाजीपेक्षा मोठी वाटते. काल्पनिक पात्र असे कोपर मारत नाही. आपल्या घरीही कोणी असा वाद घालत असेल, तर पुतळा दाखवू नका. थेट हे पत्र काढा.

राहिली कादंबरी. तिच्यातल्या राणीच्या हिऱ्यांच्या प्रकरणाशी खऱ्या दार्तान्यांचा काही संबंध नव्हता. कथा 1625 मध्ये सुरू होते, तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता. आतोस, पोर्तोस आणि आरामिस ही नावे मात्र बेआर्न प्रांतातल्या खऱ्या मस्केटियरांची आहेत: आर्मां द सियेग, इझाक द पोर्तो आणि आंरी दारामित्झ. त्यांच्या पराक्रमांचे श्रेय द्यूमालाच द्यावे. दार्तान्यांच्या ‘आठवणी’ म्हणून 1700 मध्ये निघालेले जे पुस्तक द्यूमाने आधाराला घेतले, तेही दार्तान्यांने लिहिलेले नाही. तो मेल्यावर सत्तावीस वर्षांनी कुर्तिल द सांद्रा या लेखकाने ते रचले. त्यामुळे ते पुरावा म्हणून पुढे करू नये. मी एकदा केले होते आणि तोंडावर पडलो.

एवढे मात्र कबूल करायला हवे, की दार्तान्यां म्हणजे केवळ कोपर मारणारा सज्जन नव्हे. माझारँची गुप्त कामे करताना तो फार सोवळा राहिला असेल असे मला वाटत नाही, आणि 1659 मध्ये केलेले लग्नही त्याला टिकवता आले नाही.

गेल्या भाऊबीजेला मेहुण्याने नवा मुद्दा काढला, की त्या माणसाचे मूळ आडनाव दार्तान्यां नव्हतेच, म्हणून माझे उत्तर तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहे. मी त्याला एवढेच सांगितले, की सेव्हिन्येबाईंनी पत्रात त्याला मॉसिय दार्तान्यां असेच म्हटले आहे आणि तो तेव्हा जिवंत होता. बहिणीने आम्हा दोघांना जेवायला बसवले.