कोड नुकतंच दिसू लागलेल्या मैत्रिणीला

आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि थायरॉईडही तपासून घे. कोडाच्या जोडीने ती तक्रार बऱ्याचदा येते. आपलीच रोगप्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उठते, म्हणून डाग पडतात. हा आजार सांसर्गिक नाही, कुष्ठरोग तर नाहीच. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड येतं म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना एकदाच ठणकावून सांग. (दुसऱ्यांदा सांगून उपयोग होत नाही.) परकराची नाडी सैल बांध, सतत घासतं तिथे नवे डाग येऊ शकतात. चिकटणारी टिकलीही बंद, काहींना तिच्या गोंदामुळेच कपाळावर डाग पडतो.

टिकलीशिवाय आरशात वेगळीच बाई दिसेल. ती ओळखीची व्हायला वेळ लागतो.

डाग झाकावेत का? मला तरी यात कमीपणा वाटत नाही. रिक्षावाल्यापासून सगळ्यांना उत्तरं द्यायचं त्राण नसेल त्या दिवशी बेधडक मेकअप कर. पण बिनबाह्यांचे ब्लाऊज कपाटात कोंडलेस, ग्रुप फोटोत मागे सरकू लागलीस, तर सावध हो. लोक तुला बुजरी समजतील आणि हळूहळू तूही स्वतःला तशीच समजू लागशील. कातडीच्या रंगापेक्षा मला या सवयीची जास्त भीती वाटते.

लग्नाचं बोलणं चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगून टाक. मागाहून कळलं तर ‘फसवलं’ हा शिक्का मुलीवरच बसतो. आणि पुण्याकडे आलीस तर श्वेता असोसिएशनची चौकशी कर, ती कोड असलेल्यांसाठीच काम करते.