पद्मिनीचा कॅमशाफ्ट बदलताना

प्रीमियर पद्मिनी गाडीचं १०८९ सीसी इंजिन खोललंसच आहेस, तर आधी जुना कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नीट बघ. त्यावरच्या प्रत्येक लोबची, म्हणजे उंचवट्याची, उंची मायक्रोमीटरने मोज. एखादा बाकीच्यांपेक्षा बुटका निघाला किंवा टोकावर खड्डे दिसले, तर तो गेला. डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या गिअरचे दातही तपास, तिकडे सहसा कुणी बघत नाही.

रेसिंग कॅमचा मोह नको. चाळीसेक हॉर्सपॉवरच्या गाडीत आयडलिंग बिघडेल आणि ट्रॅफिकमध्ये ओढ जाईल, बस्स. मूळ प्रोफाइलचाच घे. रीग्राइंड केलेला (जुनाच घासून पुन्हा आकार दिलेला) चालेल, पण त्याचं बेस सर्कल, म्हणजे लोबचा गोल पाया, लहान झालेलं असतं; टॅपेट (लोबवर टेकून व्हॉल्व्हकडे हालचाल पोचवणारा भाग) सेटिंगला स्क्रूमध्ये जागा उरते ना, ते बघ.

आणि नव्या कॅमवर जुने टॅपेट बसवू नकोस. ती बचत मी एकदा केली. थोड्याच दिवसांत लोब घासून सपाट, इंजिन पुन्हा खाली. लोबवर असेंब्ली पेस्ट (जोडणीच्या वेळी लावायचं घट्ट वंगण) भरपूर लाव. टायमिंग, कार्ब्युरेटर आधीच जुळव, म्हणजे सेल्फ मारत बसावं लागणार नाही, नाहीतर पेस्ट पुसली जाते. चालू झालं की आयडलवर न सोडता २००० आरपीएमच्या आसपास २० मिनिटं ठेव. तेल मात्र जास्त झिंकवालं.