स्टिअरिंग फिरवलं की ‘खट्’

अलीकडे आलेल्या प्रश्नांमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते आहे : स्टिअरिंग फिरवलं की पुढून आवाज येतो. बहुतेकांनी कोणता भाग बदलावा हे विचारलंय, पण आवाज नेमका कधी येतो ते मात्र लिहायचं राहून गेलंय. मला तेच सगळ्यात आधी हवं असतं. गाडी उभी असताना येतो की चालताना? एकदाच येतो की चाकाच्या फेऱ्यांबरोबर? रेस दिल्यावर वाढतो का? नुसता ऐकू येतो, की हाताला आणि पायाखालीही जाणवतो? एवढं सांगितलंत तर एकही नट न उघडता निम्मी शोधाशोध वाचते. ज्यांनी हे तपशील दिले आहेत, त्यांचे प्रश्न आधी घेतो.

प्रश्न : पार्किंगमध्ये अगदी हळू जाताना किंवा गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढच्या डाव्या बाजूला ‘टण्’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो. वेगात काहीच नाही. दोन्ही शॉकअप बदलायला सांगितलंय. बदलू का?

थोडं थांबा. ‘स्प्रिंग सुटल्यासारखा’ असं तुम्ही लिहिलंत आणि बहुधा अगदी तसंच घडतंय. पुढच्या शॉकअपच्या माथ्यावर एक रबरी माउंट असतो आणि त्याच्याबरोबर एक चपटं बेअरिंग. चाक वळलं की शॉकअप आणि स्प्रिंग दोन्ही त्या बेअरिंगवर सहज फिरायला हवेत. बेअरिंगमध्ये माती-पाणी जाऊन ते जाम झालं, की स्प्रिंग खालून फिरते आणि वरून अडकून राहते. तिला पीळ बसत जातो आणि तो सहन होईनासा झाला की ती झटक्यात जागा सोडते. तो झटका म्हणजेच तुमचा ‘टण्’.

खात्री करायला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. दुसऱ्याने टायरच्या वरून स्प्रिंगच्या वरच्या वेढ्यावर फक्त बोटांची टोकं टेकवायची. स्प्रिंगच्या वेढ्यांच्या मधे बोटं अजिबात घालू नका आणि वळणाऱ्या टायर-मडगार्डमध्ये अडकेल असा हात ठेवू नका. चांगली स्प्रिंग बोटांखालून गुळगुळीत सरकत जाते. जाम झालेली आधी हलतच नाही, मग एकदम उडी मारते आणि त्याच क्षणी आवाज येतो. दोन्ही बाजूंना करून पाहा, फरक हाताला लगेच कळतो. आणखी एक खूण : वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला कुरकुर करतं.

उडी सापडली तर माउंट आणि बेअरिंग बदला. शॉकअपमधून तेल गळत नसेल आणि गाडी उसळत नसेल, तर शॉकअप तसेच राहू द्या. मात्र टॉर्च घेऊन स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा जरूर तपासा. तिथेच गंज धरून स्प्रिंग तुटते, आवाजही असाच येतो आणि तुटलेलं टोक टायरला लागू शकतं. हे काम घरी करू नका. शॉकअपच्या मधला नट स्प्रिंग दाबून न धरता उघडला, तर दाबलेली स्प्रिंग बाहेर उडते. त्याने माणूस जबर जखमी होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

प्रश्न : पूर्ण वळण घेऊन निघताना ‘कट-कट-कट’ होतं. रेस वाढवली की जोरात आणि भरभर. दोन्ही अ‍ॅक्सल गेलेत म्हणतात.

हा आवाज ओळखायला सोपा. तो चाकाच्या वेगाबरोबर वाढतो आणि रेस दिल्यावर मोठा होतो, म्हणजे अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या टोकाचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवत ठेवणारा सांधा). त्यात साधारण सहा पोलादी गोळ्या असतात आणि त्या खाचांमधून फिरतात. खाचा झिजल्या की प्रत्येक गोळी ताण येताच आपली जागा ठोकत जाते. मोकळ्या जागेत रिव्हर्समध्ये पूर्ण वळवून थोडी रेस द्या. जॉइंट झिजलेला असेल तर बहुतेक वेळा आवाज आणखी स्पष्ट होतो.

पण दोन्ही? एकाच वेळी दोन्ही गेलेले असू शकतात, तरी नुसतं ऐकून ते ठरवू नये. गाडीखाली वाकून जॉइंटवरचं घड्यांचं रबरी बूट पाहा. ते फाटलं असेल तर ग्रीस बाहेर फेकलं जाऊन रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे उडालेले दिसतील. ज्या बाजूला शिंतोडे, तिथून सुरुवात करा. दुसऱ्या बाजूचं बूट अखंड असेल आणि जॉइंट गप्प असेल, तर त्याला हात लावू नका. बूट नुकतंच फाटलंय आणि आवाज अजून नाही, अशा वेळी नवं बूट आणि ताजं ग्रीस एवढ्यावर काम भागतं. म्हणूनच सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की मी आधी बुटं पाहतो. बूट वेळेवर बदललं तर अख्खा जॉइंट वाचतो.

प्रश्न : लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) नवे टाकले. आठ दिवसांत वळताना आणि ब्रेक मारताना ‘धड्’ असा आवाज सुरू झाला. माल खोटा निघाला का?

मालावर जाण्याआधी बसवणी तपासा. दोन चुका वारंवार होतात. एक, बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळलेला नसतो, आणि वळताना किंवा ब्रेक लावताना आर्म जागेवर सरकून ठोकतो. असं असेल तर गाडी उद्यावर ढकलू नका, आजच दाखवा. बोल्टच्या भोवती ताजी चकाकी किंवा घासल्याची खूण दिसते.

दुसरी चूक दिसत नाही. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बुशचे (आर्मच्या टोकाच्या रबरी सांध्याचे) बोल्ट पक्के आवळले जातात. बुशमधलं रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं. ते करकरतं आणि लवकर फाटतं. रबरी बुश असलेल्या आर्मचे हे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात. बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळून घ्या. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यायला विसरू नका.

प्रश्न : खडबडीत रस्त्यावर थोडं वळवलं की स्टिअरिंगमध्येच बारीक ‘टक-टक’ जाणवते. सस्पेन्शन तपासलं, सगळं ठीक म्हणतात.

हाताला जाणवतं म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंतच्या साखळीत कुठेतरी खेळ आहे. इंजिन चालू, चाकं जमिनीवर, आणि एकाने स्टिअरिंग दोन-तीन सेंटिमीटर डावी-उजवीकडे भरभर हलवत राहायचं. दुसऱ्याने एकेक सांध्यावर हात ठेवत जायचं : आधी पेडलजवळचा मधला शाफ्ट आणि त्याचे क्रॉस, मग रॅकचं (स्टिअरिंग फिरलं की डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दातेरी दांड्याचं) बूट, मग रॅकला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचं टोक. जिथे टकटक बोटाला सगळ्यात स्पष्ट लागते, तिथे दोष. ऐकून फसगत होते, कारण लोखंडातून आवाज कुठेही पोहोचतो. हात सहसा फसत नाही.

ज्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर स्टिअरिंग कॉलमवरच असते, तिथे मोटरजवळचे दाते किंवा कपलिंग झिजूनही असा आवाज येतो आणि सस्पेन्शन तपासून काही सापडत नाही. आवाज रॅकमधून येत असेल, तर कुणी ‘रॅकचा स्क्रू आवळून देतो’ म्हणेल. तो स्क्रू जरा जास्त आवळला गेला तरी स्टिअरिंग वळून परत सरळ येत नाही. मापाने करणाऱ्याकडेच द्या.

प्रश्न : रिव्हर्स घेऊन वळवून पुढे निघालो की एकदाच ‘खट्’. नंतर दिवसभर नाही.

एकदाच आणि दिशा बदलल्यावर पहिल्या ब्रेकला येत असेल, तर बहुधा ब्रेक पॅड आपल्या खाचेत सरकतात. पॅडच्या क्लिपा पाहून घ्या. ब्रेक न लावताही येत असेल, तर इंजिनचा माउंट आणि अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट तपासा.

प्रश्न : फोर व्हील ड्राइव्ह लावून डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते आणि ठोके देते.

मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) नसलेल्या गाडीत हे होणारच. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि कोरड्या रस्त्यावर तो फरक घसरून निघत नाही. कोरड्या, पक्क्या रस्त्यावर टू व्हील ड्राइव्हच ठेवा.

प्रश्न : परवा लांबचा प्रवास आहे. वळताना ‘खट्’ होतंय. जाऊन आल्यावर पाहिलं तर चालेल का?

सगळे आवाज सारखे घातक नसतात. लिंक रॉडचा (सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडदांडीचा) किंवा माउंटचा आवाज असेल तर काम थोडे दिवस थांबू शकतं, पण आवाज त्यांचाच आहे हे आधी कळायला हवं. दोन गोष्टी आजच पाहा.

पहिली, चाकांचे नट. एकदा माझ्याकडे वळणावर ठोके देणारी गाडी आली. चार दिवसांपूर्वी तिचे टायर बदलले होते. मी पान्हा लावला तर एका चाकाचे तीन नट बोटांनी फिरले आणि रिमची भोकं लांबट झाली होती. रिम फेकून द्यावी लागली. तेव्हापासून वळणावर खट् म्हटलं की माझा हात आधी चाकाच्या पान्ह्याकडे जातो. चाक काढून लावलं असेल तर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्कवर तपासा.

दुसरी, बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्मला चाकाच्या बाजूशी जोडणारा गोळीचा सांधा. गाडी जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर ठेवा आणि चाक घड्याळाच्या 12 आणि 6 या जागी धरून हलवा. खेळ लागला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंटवर संशय. मग लोअर आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये पहार घालून हलकेच उचला, जॉइंट उघडझाप करताना दिसेल. हा जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी हाताबाहेर जाते. तो ढिला सापडला तर गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका, टो करून न्या.