पहिल्यांदा नेट कंट्रोल घेताना

नौपाडा, ठाणे
शुक्रवार रात्री

पोरी,

रविवारच्या नेटला, म्हणजे आपल्या हॅम रेडिओवाल्यांच्या हवेवरच्या हजेरीला, कंट्रोल तू घेणार, एकेकाला तू बोलावणार, म्हणून फोन केलास, तेव्हा मी "जमेल गं तुला" म्हणून मोकळा झालो. नंतर वाटलं, एवढ्यावर भागायचं नाही. म्हणून लिहायला बसलोय.

आधी माझीच चूक सांगतो. बरीच वर्षं मी दर रविवारी कंट्रोल बघायचो आणि पंधरा मिनिटांत वीस चेक-इन, म्हणजे वीस जणांची हजेरी, उरकतो याची मला भारी घमेंड होती. एकदा आम्ही तलावपाळीला चहाला जमलो होतो, तिथे मुंब्र्याचे एक गृहस्थ भेटले. पाच वॅटची हँडी (हातात धरायचा छोटा रेडिओ), तिच्यासोबत आलेला रबरी अँटेना आणि तळमजल्यावरचं घर. म्हणाले, "तीन रविवार हाक मारली, तुम्ही घेतलंच नाही. मग नाद सोडला." चिडून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

झालं होतं असं की एफएमवर दोघांनी एकदम पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं की जोरदार सिग्नल कमजोराला गिळून टाकतो. दोघं साधारण सारख्या जोराचे असले तर निदान किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि डबलिंग झालं हे कळतं. पण पन्नास वॅटचा रिग (मोठा रेडिओ संच) आणि गच्चीवरचा अँटेना असलेला घोडबंदरवाला बोलत असेल, तर त्याच्याखाली मुंब्र्याची हँडी होती याचा मागमूसही लागत नाही. मला घोडबंदर स्वच्छ ऐकू यायचं आणि मी पुढे जायचो.

म्हणून तू उलटीकडून सुरुवात कर. "हँडीवरची आणि गाडीतली स्टेशन्स आधी, बाकीच्यांनी थांबा," असं स्पष्ट सांग. मग कळवा-मुंब्रा, मग कल्याण-डोंबिवली-बदलापूर. ठाणे आणि तुमची नवी मुंबई शेवटी, आपण कुठे पळून जात नाही. तीन-चार कॉलसाइन (प्रत्येकाची लायसन्सवरची ओळख-अक्षरं) आले की थांबून ते परत वाच आणि मनात एक-दोन-तीन म्हण. त्या तीन आकड्यांत कुणीतरी येतंच. नुसती खरखर आणि शेवटचं एक अक्षर, समजा "के", ज्याला आपण रेडिओवर "किलो" म्हणतो, कळलं तरी सोडू नकोस. "शेवटी किलो असलेलं स्टेशन, फक्त तुम्ही, पुन्हा या." तरी नाही जमलं तर विचार, "यांना कुणी रिले देतं का?" म्हणजे मधलं कुणीतरी ऐकून त्यांचं बोलणं पुढे देईल. आपल्याकडे पारसिकचा डोंगर मध्ये आहे. रेल्वेने १९१६ साली त्यातून बोगदा काढला, पण आपल्या लहरींसाठी तशी सोय नाही. तू ऐरोलीत, ते डोंगरापलीकडे. रिपीटर, म्हणजे आपलं बोलणं उचलून पुन्हा जोरात पुढे पाठवणारा संच, बंद पडला आणि सिम्प्लेक्सवर, म्हणजे एका रेडिओवरून थेट दुसऱ्यावर, यावं लागलं, तर मुंब्रा तुला थेट मिळणारच नाही. ठाण्यात विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या एखाद्याला दोन्ही बाजू मिळतील. असे दोघे-तिघे आधीच हेरून ठेव आणि सिम्प्लेक्सची फ्रिक्वेन्सी नेट उघडतानाच सांगून टाक. रिपीटर गेल्यावर ती कुणाला आणि कशी सांगणार?

पीटीटी दाबून अर्धा सेकंद गप्प राहा. आपल्या बोलण्याबरोबर जाणारा खुणेचा टोन ओळखून रिपीटर उघडायला तेवढा वेळ जातो. नाहीतर "व्ही"साठी म्हणतो त्या "व्हिक्टर"चं नुसतं "टर" उरतं. आपल्या सगळ्यांच्या कॉलसाइनची सुरुवात व्हीयू टू, व्हीयू थ्री अशी सारखीच, त्यामुळे तिथे निभावतं. शेवट कापला गेला तर मात्र निभावत नाही, आणि हे मराठीत जास्त सांभाळावं लागतं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. फोन लागत नव्हते, लोकल बंद. माझ्याकडे निरोप आला, "कुर्ल्याहून निघाले." मी तसाच पुढे दिला. ज्यांच्यासाठी निरोप होता त्या बाई रात्रभर दारात बसल्या. मूळ निरोप होता "निघाले नाहीत". बोलणाऱ्याने अंगठा जरा लवकर उचलला होता. आपल्या भाषेत "नाही" वाक्याच्या टोकाला येतं, नेमकं जिथे अंगठा सुटतो तिथे. तेव्हापासून नकाराचा निरोप असला की मी आधी "निगेटिव्ह" म्हणतो, मग वाक्य, मग पुन्हा "निगेटिव्ह". समोरच्याने निरोप शब्दन् शब्द परत वाचून दाखवल्याशिवाय त्याला सोडायचं नाही.

आकड्यांचंही तसंच. त्रेपन्न की त्रेसष्ट, सदतीस की सदुसष्ट, खरखरीत काही कळत नाही. पाच-तीन, सहा-तीन असं सुटं सुटं बोल. आमच्यातले जुने लोक हसतील, हसू देत.

जुन्यांवरून आठवलं. एक काका माइक हातात आला की अँटेनापासून गुडघेदुखीपर्यंत जातात. बहुतेक रिपीटरना टायमर असतो, फार वेळ सलग बोललं की तो आपणच तोंड बंद करतो. पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. त्यांनी श्वास घेतला की, "काका, क्यूएसएल, मिळालं तुमचं, गुडघ्याचं नेटनंतर ऐकते, पुढच्या स्टेशनला घेते." लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण कंट्रोलकडे असेपर्यंत तो घास तुझाच. कुणी भाड्याच्या फ्लॅटची जाहिरात किंवा राजकारण काढलं तर मात्र एवढं गोडही बोलू नकोस. लायसन्सच्या अटींत ते बसत नाही, तसं सांगायचं आणि पुढे जायचं.

लॉग वहीत लिही. लॅपटॉपवर नको, कीबोर्डची टकटक माइकमध्ये येते आणि वीज गेली की सगळंच जातं. वेळ, कॉलसाइन, ठिकाण, सिग्नल कसा, आणि एक रुंद रकाना मोकळा. त्यात "आवाज बसलाय", "बॅटरी संपत आलीय" असलं काहीही लिही. कोण शेवटचं किती वाजता ऐकू आलं हे कुणी मध्येच विचारलं, तर तुला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. पावसाळ्यात शाईचं पेन नको.

आणि हो, मी येईन चेक-इनला. माझा सिग्नल तुझ्याकडे दणकून येतो, तेव्हा मला शेवटी घे. सर-बिर म्हणू नकोस, कॉलसाइन पुरे. मुंब्र्याचे ते गृहस्थ हल्ली गॅलरीत अँटेना बांधून बसतात. परवा फोन करून त्यांना सांगितलंय, या रविवारी या. त्यांचा कॉलसाइन मागच्या पानावर लिहिलाय, वहीत पहिल्या ओळीची जागा मोकळी ठेव.

सेव्हन्टी थ्री (आपल्या हॅमवाल्यांच्या भाषेत शुभेच्छा),
तुझा काका