मित्राने हाताने घडवलेले संकेतस्थळ

प्रश्न : माझ्या मित्राने कोणताही तयार साचा न वापरता, स्वतः एचटीएमएल (वेबपाने रचण्याची संकेतभाषा) लिहून आपले संकेतस्थळ उभे केले आहे. त्याला मनापासून दाद कशी द्यावी?

उत्तर : केवळ ‘छान आहे’ म्हणून थांबू नका. ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू सोर्स’ उघडून त्याने लिहिलेल्या ओळी वाचा आणि मजकुराची मांडणी, रंगसंगती किंवा दुव्यांची रचना यांपैकी नेमके काय आवडले, ते त्याला सविस्तर लिहून कळवा. २००९ मध्ये अमेरिकेतील जिओसिटीज ही लोकांना स्वतःची संकेतस्थळे उभारू देणारी सेवा बंद झाली, तेव्हा हौशी लोकांनी कष्टाने रचलेली असंख्य पाने नाहीशी झाली. म्हणून मित्राच्या फायलींची एक प्रत आपल्याकडे जपून ठेवणे, ही मला सर्वांत मोलाची दाद वाटते. साधे एचटीएमएल वर्षानुवर्षे उघडते. डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाचे, नूतनीकरण मात्र वेळेवर व्हायला हवे, त्याची आठवण त्याला अवश्य करून द्या.